छातीतली थोडीशी हवा

१९८३ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या चार डॉक्टरांनी क्ष-किरणशास्त्राच्या एका अमेरिकन नियतकालिकात छोटासा लेख छापला. अपघातात पोटाला मार बसलेल्या रुग्णांचा सीटी स्कॅन करण्याची पद्धत तेव्हा नवी होती. यकृत फाटलंय का, प्लीहेतून रक्त वाहतंय का, हे पोट न उघडता दिसू लागलं होतं. पण पोटाच्या स्कॅनमध्ये वरच्या काही छेदांत फुप्फुसांचा तळही येतो. वॉल, फेडर्ले, जेफ्री आणि ब्रेट या चौघांना तिथे जे दिसलं, ते शोधायला कुणी निघालं नव्हतं. छातीच्या पुढच्या भिंतीमागे, फुप्फुसाच्या बाहेर, हवेची काळी चंद्रकोर होती. यातल्या काही रुग्णांच्या छातीचा एक्स-रे आधीच काढून झाला होता आणि त्यात ही हवा सापडली नव्हती. पुढच्याच वर्षी टोसिनो आणि सहकाऱ्यांनी डोक्याला मार लागलेल्या रुग्णांविषयी असंच लिहिलं. मेंदूचा स्कॅन झाल्यावर त्याच टेबलावर छातीचे मोजके छेद घेतले, तर तिथेही हवा दडलेली असे.

फुप्फुसाबाहेर साचलेल्या या हवेला डॉक्टर न्यूमोथोरॅक्स म्हणतात. साध्या एक्स-रेत निसटणारा आणि फक्त सीटीत दिसणारा तो ‘ऑकल्ट’, म्हणजे दडलेला न्यूमोथोरॅक्स. तो निसटतो यात एक्स-रे पाहणाऱ्याचा दोष फारसा नसतो. उभ्या माणसाच्या छातीत हवा वर, खांद्याकडे जाते आणि तिथे फुप्फुसाची कड स्पष्ट दिसते. अपघातातला माणूस मात्र मानेला पट्टा लावून पाठीवर झोपवलेला असतो. त्याच्या छातीत हवा पुढे आणि खाली, पोटाच्या बाजूला सरकते, आणि समोरून काढलेल्या चित्रात ती फुप्फुसावरच पसरते, कड दिसत नाही. नंतरच्या काही रुग्णमालिकांत तर अर्ध्याहून अधिक न्यूमोथोरॅक्स पहिल्या एक्स-रेत निसटल्याचं आढळलं.

हवा सापडली, पण आता तिचं करायचं काय? याचं बऱ्यापैकी भक्कम उत्तर मिळायला पुढची तीस-पस्तीस वर्षं लागली. ती हकीकत मला मोलाची वाटते. शल्यचिकित्सेच्या इतिहासात धाडसी हातांच्या कथा पुष्कळ आहेत. इथे मात्र शल्यचिकित्सकांना हात आवरायला शिकावं लागलं, आणि तेही पुराव्यानिशी.

मुळात या हवेची भीती अगदी रास्त होती. फुप्फुसावर एक आणि बरगड्यांच्या आतून एक असे दोन पातळ पडदे असतात. त्यांच्यामध्ये थोडासा द्रव असतो आणि बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब. या कमी दाबामुळेच फुप्फुस छातीच्या भिंतीला लागून फुगलेलं राहतं. मोडलेल्या बरगडीचं टोक फुप्फुसात घुसलं की श्वासातली हवा या फटीत शिरते आणि लवचिक फुप्फुस स्वतःच्याच ताणाने आकसतं. थोडंसंच आकसलं तर धडधाकट माणसाला ते कळतही नाही. पण जखमेचा पापुद्रा सायकलच्या व्हॉल्व्हसारखा वागू लागला, हवा आत घेऊन बाहेर सोडेनासा झाला, तर प्रत्येक श्वासाला आतला दाब वाढतो. हृदय पलीकडे ढकललं जातं, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. लंडनच्या विल्यम ह्यूसन यांनी १७६७ मध्येच सुचवलं होतं, की छातीत कोंडलेली हवा छेद घेऊन बाहेर काढावी.

पण मोकळं भोकही तितकंच घातक ठरतं. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेत त्याचा शल्यचिकित्सक डॉमिनिक लॅरे याच्याकडे कैरोत एक सैनिक आणला गेला. पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधे जखम होती आणि प्रत्येक श्वासाला तिच्यातून फसफसणारं रक्त आणि हवेचा सूं-सूं आवाज येत होता. लॅरेने जखमेच्या कडा जवळ आणून ती बंद केली. सैनिकाला श्वास घेता येऊ लागला. छाती उघडी राहिली तर श्वास नाकातोंडाऐवजी जखमेतून चालतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामागचं शास्त्र कळायला मात्र आणखी शंभर वर्षं जायची होती.

ते कळलं १९१८ साली, आणि फार मोठी किंमत देऊन. पहिल्या महायुद्धासाठी अमेरिकेत लाखो तरुण लष्करी छावण्यांत गोळा झाले होते. आधी गोवर, मग इन्फ्लुएन्झा, आणि त्यामागून छातीत पू भरणारा न्यूमोनिया आला. पू दिसला की बरगडी कापून छाती उघडायची आणि तो वाहू द्यायचा, अशी रीत होती. या शस्त्रक्रियेनंतर सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास जवान मरत होते, काही छावण्यांत त्याहूनही अधिक. लष्कराने एक आयोग नेमला. त्यात एव्हर्ट्‌स ग्रॅहम हा तरुण शल्यचिकित्सक होता. त्याने आणि रिचर्ड बेल याने प्रयोगांनी दाखवून दिलं, की छातीच्या दोन बाजूंमधला पडदा भक्कम भिंतीसारखा नाही, तो हलतो. एका बाजूला भोक पाडलं तर दोन्ही फुप्फुसांवर परिणाम होतो. आधीच न्यूमोनियाने बेजार झालेला जवान पुवामुळे कमी आणि या भोकातून शिरणाऱ्या हवेमुळे अधिक मरत होता. आयोगाने सांगितलं, की सुरुवातीला सुईने पू काढत राहा आणि तो घट्ट होऊन फुप्फुस भिंतीला चिकटेपर्यंत छाती उघडू नका. मृत्यूचं प्रमाण चारेक टक्क्यांवर आलं. याच ग्रॅहमने पुढे १९३३ मध्ये कर्करोगासाठी अख्खं फुप्फुस काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली आणि त्याचं नाव त्यासाठीच घेतलं जातं. माझ्या मते १९१८ ची कामगिरी तिच्याहून मोठी होती. एका सूचनेने किती जीव वाचले याचा हिशेब लावता येणार नाही.

हवा आत न येऊ देता बाहेर काढण्याची युक्ती तोपर्यंत जर्मनीत सापडलेली होती. हॅम्बुर्गच्या गॉटहार्ड ब्यूलाऊ यांनी १८७०च्या दशकात छातीत नळी घालून तिचं दुसरं टोक बाटलीतल्या द्रवाखाली बुडवून ठेवलं. छातीतली हवा आणि पू बाहेर येतात, बुडबुडे फुटतात, पण बाहेरची हवा पाण्यातून उलटी जाऊ शकत नाही. आज आपल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात अपघाताच्या वॉर्डात खाटेखाली ठेवलेली ती बाटली दिसते. ‘आयसीडी टाकलीय’ असं सिस्टर सांगतात ती हीच नळी.

आता एक आडवळण घ्यायला हवं, कारण या कथेतला सर्वांत विसरला गेलेला धागा तिथे आहे. ज्या पन्नास-साठ वर्षांत युद्धातले डॉक्टर छातीतली हवा बाहेर काढण्यासाठी धडपडत होते, त्याच काळात दुसरे डॉक्टर ती मुद्दाम आत भरत होते. इटलीच्या कार्लो फोर्लानिनी यांनी १८८२ मध्ये मांडलं, की क्षयाने पोखरलेलं फुप्फुस आकसवून त्याला विश्रांती दिली तर त्यातली पोकळी मिटेल. काही वर्षांनी त्यांनी ते करूनही दाखवलं. बरगड्यांमधून सुई घालून मोजून नायट्रोजन किंवा हवा सोडायची आणि फुप्फुस चिमलेलं ठेवायचं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेतल्या आणि आपल्याकडच्याही क्षय-आरोग्यधामांत हजारो रुग्ण असं आकसलेलं फुप्फुस घेऊन महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं हिंडत-फिरत होते.

त्यातला एक होता कॅनडाचा नॉर्मन बेथ्यून. १९२६ मध्ये त्याला क्षय झाला. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रूडो आरोग्यधामात पडून असताना त्याने या उपचाराविषयी वाचलं आणि तिथल्या डॉक्टरांच्या मागे लागून १९२७ मध्ये स्वतःवर तो करून घेतला. बरा झाल्यावर तो स्वतःच छातीचा शल्यचिकित्सक बनला, मग स्पेनच्या यादवीत गेला, मग चीनमध्ये. १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये बोटाच्या जखमेतून रक्तात विष पसरून तो तिथेच वारला. त्याच्या नावाने उभ्या राहिलेल्या रुग्णालयाचे पुढे प्रमुख झाले ते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. दोघांची भेट झाली नाही, कोटणीस त्या भागात पोचले ते १९४० मध्ये. शांतारामबापूंच्या चित्रपटामुळे कोटणिसांचं नाव घरोघरी गेलं, पण ज्याच्या जागी ते उभे राहिले तो माणूस आकसवलेल्या फुप्फुसामुळे जगला होता, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

आरोग्यधामातल्या डॉक्टरांना एक गोष्ट रोजच्या व्यवहारातून माहीत होती. भरलेली हवा टिकत नाही. शरीर ती शोषून घेतं, म्हणून रुग्णाला दर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा हवा भरून घ्यायला बोलवावं लागे. छातीतली बंदिस्त हवा आपोआप विरते, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा? पण १९४०च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आलं, मग आयसोनियाझिड आलं आणि फुप्फुस आकसवण्याची विद्या दशकभरात मावळली. तिच्यासोबत ती जाणणारी पिढीही निवृत्त झाली. किर्चर आणि स्वार्ट्‌झेल या दोघांनी १९५४ मध्ये आपोआप होणाऱ्या न्यूमोथोरॅक्सचे रुग्ण अभ्यासून हवा किती वेगाने विरते याचा अंदाज दिला. छातीच्या त्या बाजूच्या आकारमानाच्या साधारण १.२५ टक्के, रोज. म्हणजे १५ टक्के जागा व्यापणारी हवा जायला बारा दिवस. १९७१ मध्ये ब्रिटनच्या नॉर्थफील्ड यांनी दाखवलं, की रुग्णाला प्राणवायू दिला तर हा वेग काही पटींनी वाढतो. हे सारं छातीरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकांत होतं. अपघाताच्या रुग्णांवर उपचार करणारे शल्यचिकित्सक वेगळं वाचत होते आणि वेगळ्या शाळेत शिकलेले होते.

ती शाळा म्हणजे रणांगण. दुसऱ्या महायुद्धात छातीतलं रक्त-हवा बहुधा सुईने काढली जाई. कोरियाच्या युद्धात नळीचा वापर वाढला आणि व्हिएतनामपर्यंत छातीला गोळी लागलेल्याला नळी घालणं हा नियम झाला. जखमी जवान हेलिकॉप्टरने येत, पुढे विमानाने जात. उंचावर हवा प्रसरण पावते आणि वाटेत श्वास कोंडला तर बघायला कुणी नसतं. अशा जागी संशय आला की नळी घालणं हेच शहाणपण होतं. तिथे तयार झालेले डॉक्टर १९७०च्या दशकात अमेरिकन शहरांतल्या अपघात विभागांत आले आणि तो नियमही त्यांच्यासोबत आला. १९७६ मध्ये जेम्स स्टायनर नावाच्या अस्थिशल्यचिकित्सकाचं स्वतः चालवत असलेलं विमान नेब्रास्कात कोसळलं. पत्नी गेली, मुलं जखमी झाली आणि खेड्यातल्या रुग्णालयात मिळालेले उपचार पाहून तो हादरला. त्यातून अपघातातल्या जखमींवर पहिल्या तासात काय करावं याचा एक अभ्यासक्रम निघाला. १९७८ मध्ये नेब्रास्कातच त्याचा पहिला वर्ग झाला आणि पुढे तो जगभर गेला. त्याने अगणित जीव वाचवले आहेत. मात्र त्याने शिकवलेला पाठ सोपा आणि ठाम होता: मारामुळे झालेला न्यूमोथोरॅक्स नळीने काढणं उत्तम.

आणि नेमक्या याच सुमारास सीटी यंत्राने ती चंद्रकोर दाखवली. काल जो रुग्ण ‘छाती ठीक’ म्हणून वॉर्डात गेला असता, त्याच्या बरगड्यांमधून आज करंगळीएवढ्या जाडीची नळी घुसू लागली. नळी काही निरुपद्रवी नाही. ती दुखते, तिच्यामुळे माणूस खोल श्वास घ्यायला धजत नाही, जंतू शिरतात, कधी ती भलत्या जागी जाते आणि क्वचित फुप्फुसात किंवा यकृतात घुसते. वेगवेगळ्या पाहण्यांत दर पाच नळ्यांमागे साधारण एकीने काही ना काही त्रास दिल्याचं दिसतं. काल न दिसणाऱ्या हवेसाठी आज ही किंमत मोजावी का?

पहिलं उत्तर ‘हो’ असं आलं. १९९३ मध्ये टेनेसीतल्या एंडरसन आणि सहकाऱ्यांनी दडलेल्या न्यूमोथोरॅक्सचे ४० रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागले. १९ जणांना नळी घातली, २१ जणांना नुसतं नजरेखाली ठेवलं. या २१ पैकी आठ जणांची हवा व्हेंटिलेटरवर असताना वाढली आणि तिघांच्या छातीत तर दाब साठून जिवावर बेतलं. याचं कारण शरीराच्या कामकाजातच आहे. आपण स्वतः श्वास घेतो तेव्हा छाती हवा ओढून घेते. व्हेंटिलेटर ती ढकलतो, आणि ढकललेली हवा फुप्फुसातल्या फटीतून बाहेर पडायला वाट शोधते. एंडरसन यांचा निष्कर्ष असा होता, की व्हेंटिलेटर लागणार असेल तर नळी घालावीच.

सहा वर्षांनी, १९९९ मध्ये, कॅरेन ब्रासेल आणि सहकाऱ्यांनी जवळजवळ तशीच चाचणी छापली. ३९ रुग्ण, १८ जणांना नळी, २१ जणांवर नुसती नजर. व्हेंटिलेटरवरचे रुग्ण यातही होते. नळीविना ठेवलेल्यांत बिघाड अधिक झाला नाही. चाळिसेक रुग्णांच्या दोन चाचण्या एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहिल्या. प्रत्येक डॉक्टरने आपल्या स्वभावाला पटेल ती उचलली, असं म्हटलं तर फार चुकीचं ठरणार नाही.

ही कोंडी फोडण्याचं श्रेय मी कॅनडातल्या कॅल्गरीच्या अँड्र्यू कर्कपॅट्रिक आणि चॅड बॉल यांना देतो. कर्कपॅट्रिकने दोन बाजूंनी काम केलं. एक म्हणजे हवा खाटेशीच शोधणं. सोनोग्राफीत हवा दिसत नाही असं आपण ऐकत आलो आहोत. पण निरोगी छातीत दोन पडदे एकमेकांवर घसरताना दिसतात, आणि मधे हवा आली की ती घसरण दिसेनाशी होते. ही खूण १९८६ मध्ये एका पशुवैद्यकाने घोड्यांच्या छातीविषयी लिहिली होती. पॅरिसजवळच्या डॅनियल लिश्टेनश्टाइन यांनी १९९५ मध्ये ती अतिदक्षता विभागातल्या माणसांना लावली. कर्कपॅट्रिकने २००४ मध्ये हातात मावणारं यंत्र घेऊन ती अपघाताच्या तपासणीचा भाग बनवली. पोटातलं रक्त पाहायला सोनोग्राफीचा जो हात फिरतो, तोच वर सरकवून छातीही पाहायची. आज आपल्याकडच्या कॅज्युअल्टीतही ही ‘ई-फास्ट’ तपासणी केली जाते.

दुसरं काम म्हणजे तोच जुना प्रश्न, यावेळी अनेक रुग्णालयांत मिळून. २०१३ मध्ये त्यांनी व्हेंटिलेटरवरच्या ९० रुग्णांचे निकाल छापले. ४० जणांना नळी घातली, ५० जणांना नजरेखाली ठेवलं. श्वासाचा त्रास दोन्ही गटांत सारखाच, मृत्यूही सारखेच. नजरेखालच्या दर पाचांतल्या एकाला पुढे नळी लागली, पण पुष्कळदा तिचं कारण वाढलेली हवा हे नव्हतं, साचलेला द्रव हे होतं. एकाच रुग्णाच्या छातीत धोकादायक दाब साठला आणि तातडीने नळी घालून तो सावरला. उलट नळी घातलेल्यांपैकी १५ टक्क्यांना नळीनेच त्रास दिला. मात्र आठवडा किंवा त्याहून अधिक काळ अतिदक्षता विभागात राहिलेल्यांत तिघांपैकी एकाला शेवटी नळी लागली, हे त्यांनी लपवलं नाही. एंडरसन यांना दिसलेला धोका खरा होता. तो प्रत्येकाच्या वाट्याला येत नव्हता, इतकंच.

२०१८ मध्ये ब्रिस्टलच्या वॉकर आणि सहकाऱ्यांनी अपघातातल्या न्यूमोथोरॅक्सच्या ६०२ रुग्णांची नोंद तपासली. त्यातल्या २७७ जणांना सुरुवातीला नळी घातली नव्हती, आणि त्यांतल्या ९० टक्क्यांना ती नंतरही लागली नाही. राहिला प्रश्न ‘थोडीशी’ म्हणजे किती हवा, याचा. टक्क्यांत मोजलं की दोन डॉक्टर दोन आकडे सांगतात. मार्क डी मोया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी मोजपट्टी सुचवली. सीटीच्या आडव्या छेदात हवेचा सर्वांत मोठा साठा शोधायचा आणि छातीच्या भिंतीपासून फुप्फुसापर्यंत काटकोनात रेघ मारायची. ती ३५ मिलिमीटरपर्यंत असेल, रुग्णाचा रक्तदाब आणि श्वास स्थिर असेल, तर नळी न घालता थांबावं. मुका मार असो वा भोसकल्याची जखम, हा नियम चालतो असं त्यांच्या २०१९ च्या अभ्यासात दिसलं. नळी लागलीच तर ती जाडच हवी हा आग्रहही सैल झाला आहे. ॲरिझोनातल्या एका चाचणीत १४ नंबरच्या बारीक, टोकाशी वळलेल्या नळीने वेदना कमी झाल्याचं दिसलं.

हे निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लागू करताना एक गोष्ट मला फार काळजीची वाटते. ‘नजरेखाली ठेवणं’ हा एक पूर्ण उपचार आहे आणि त्याला माणसं लागतात. ठरलेल्या तासांनी पुन्हा एक्स-रे, बोटाला सतत लावलेला ऑक्सिमीटर, श्वास मोजणारी सिस्टर, उशाशी तयार ठेवलेला नळीचा ट्रे आणि रात्री दोन वाजता ती घालू शकणारा डॉक्टर. ब्रिस्टल-कॅल्गरीत हे गृहीत धरलेलं असतं. एकाच सिस्टरकडे पूर्ण वॉर्ड असलेल्या रुग्णालयात ३५ मिलिमीटरचा नियम वाचून नळी टाळणं म्हणजे नियमाचा अर्धाच भाग पाळणं. तालुक्याच्या गावी अपघात झाला, सोनोग्राफीत पडद्यांची घसरण दिसत नाही, सीटी यंत्र नाही, रुग्णाला श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटरवर घेतलंय आणि १०८ च्या रुग्णवाहिकेतून तीन-चार तासांवरच्या शहरात न्यायचंय, अशी वेळ आपल्या डॉक्टरांवर येते. व्हेंटिलेटर हवा ढकलत राहणार, रस्त्यात पुन्हा तपासायला यंत्र नसणार, आणि दाब साठला तर तो ओळखायला बरोबर असतील ते एक डॉक्टर, तेही हलत्या गाडीत. या चाचण्यांतले व्हेंटिलेटरवरचे रुग्ण रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली होते. निघण्यापूर्वी छातीत नळी घालून पाठवणाऱ्या तालुक्याच्या डॉक्टरला शहरातल्या वरिष्ठांनी २०१३ चा अभ्यास दाखवून बोलू नये. त्या अभ्यासात त्याच्या रुग्णाविषयी काहीच म्हटलेलं नाही.